गडी, घरगडी आणि सवंगडी
(वाचनपाठ, मोठा गट. पालकांनीही वाचावा.)

मुलांनो, सुट्टीच्या आधीच्या तासाला आम्ही सायकल शर्यतीचा विषय काढला होता, तो तुम्हाला आठवत असेल. 'टूर द फ्रान्स' ही जगातली सर्वांत प्रसिद्ध सायकल शर्यत २०२७ साली एडिंबरोहून निघणार असल्याचे जाहीर झाले, हे त्याचे निमित्त. शर्यत फ्रान्सची आणि सुरुवात स्कॉटलंडात, याची पुष्कळांना गंमत वाटली. पण हे काही पहिल्यांदाच होत नाही. २०१४ साली ती लीड्सहून निघाली होती. तेव्हा आमच्यापैकी काहीजण तुमच्या ताई-दादांना घेऊन रस्त्याच्या कडेला तीन तास उभे होते. घराघरांवर पिवळ्या रंगवलेल्या सायकली टांगलेल्या होत्या. इतका वेळ वाट पाहून शर्यत समोरून गेली ती अर्ध्या मिनिटात! डब्यातल्या पुऱ्या मात्र त्यानंतरही बराच वेळ पुरल्या.

त्या तासाला आम्ही सांगितले, की या शर्यतीत एकेका संघात आठ सायकलस्वार असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आपण जिंकणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्यावर वर्गातली एक छोटी पटकन म्हणाली, "मग ते सायकल कशाला चालवतात?" तेवढ्यात तास संपला, पालक दाराशी आले आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आज पुरे करू.

आधी शर्यत समजून घेऊ. १९०३ साली आंरी देग्रांज नावाच्या संपादकाने 'लोतो' या आपल्या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून ती सुरू केली. पहिल्या वर्षी साठ जण निघाले आणि एकवीसच शेवटपर्यंत पोचले. वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता, आणि १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराला घालायला दिलेला सदराही पिवळाच. आज शर्यतीचे एकवीस टप्पे असतात. तेवीस दिवसांत फक्त दोन दिवस विश्रांती. एकूण अंतर सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटर, आणि सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर. सर्व टप्प्यांचा वेळ मिळवून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजेता.

यात डोंगरही आलेच. पिरेनीज पर्वतातली तूरमाले ही खिंड २,११५ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही वरपर्यंत सायकल मारत जायचे, पलीकडे उतरायचे, आणि त्याच दिवशी पुढे आणखी एखादा घाट असायचा! अशा दिवशी एकेका स्वाराला पाच ते आठ हजार कॅलरी लागतात. सकाळी न्याहारीला हे लोक काय खातात, तर पुष्कळदा भात. वाटेत खायलासुद्धा भाताच्या वड्या कागदात गुंडाळून देतात. (भात नको म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

आता त्या छोटीच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर वाऱ्यात आहे.

तुम्ही सपाट रस्त्यावर जोरात सायकल चालवली आहे ना? मग वारा छातीवर येतो हे तुम्हाला माहीत आहे. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. पण जो त्याच्या अगदी पाठीमागे, वीतभर अंतर राखून चालवतो त्याला आयती वाट मिळते. तेवढ्याच वेगाला त्याला साधारण एक तृतीयांश ताकद कमी लागते, आणि मोठ्या घोळक्याच्या आत असला तर त्याहूनही कमी. म्हणून दीड-पावणेदोनशे सायकली एकमेकींना चिकटून चालतात. या घोळक्याला फ्रेंच भाषेत पेलोटॉन म्हणतात. मूळ अर्थ दोऱ्याचा लहानसा गुंडा. शब्द किती नेमका आहे पाहा. दोरा कधी गुंडाळलेला असतो, कधी घाटात लांबच लांब उलगडतो.

मग वारा कोणी झेलायचा? संघातला जो सर्वांत बलवान आहे त्याने? नाही, त्याला तर जपायचे असते. शेवटच्या घाटात तो ताजातवाना हवा. म्हणून बाकीचे सात जण आळीपाळीने त्याच्यापुढे राहून दिवसभर वारा खातात. तहान लागली तर त्यातलाच एक मागे संघाच्या मोटारीपर्यंत जातो, सदऱ्यात पुढे-मागे सहा-सात बाटल्या कोंबतो आणि ते ओझे घेऊन पुन्हा घोळका गाठतो. पंक्चर झाले, कोणी पडले, की त्यांनी थांबायचे आणि आपल्या मुख्य माणसाला वाऱ्याआडून परत पुढे आणून सोडायचे. संध्याकाळी त्यांची स्वतःची वेळ वीस मिनिटे मागे पडलेली असते. त्याचे कोणाला काही नसते.

दहीहंडी आठवा. हंडी फोडतो तो एकच, बहुधा हलका आणि लहान. पण सगळ्यांत खालच्या थरातले जे खांद्याला खांदा लावून उभे असतात त्यांना हंडी दिसतसुद्धा नाही. मान वर केली तर थर कोसळेल! तरी बक्षीस सगळ्या पथकाचे. इथेही तसेच आहे. टूर जिंकणाऱ्याला मिळणारी बक्षिसाची रक्कम त्याने संघातल्या सोबत्यांमध्ये वाटून द्यायची, अशी जुनी रीत आहे.

या मदत करणाऱ्या स्वारांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ साली मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराने दुसऱ्याला मदत केली म्हणून देग्रांजसाहेबांनी चिडून त्याला हा शब्द लावला होता. ती शिवी होती. पुढे तोच शब्द त्या कामाचे नाव झाला.

इथे आपल्या मराठीची एक मजा सांगावीशी वाटते. आपल्याकडे 'गडी' म्हणजे घरकाम किंवा शेतकाम करणारा नोकर. पण खो-खो आणि कबड्डीत खेळाडूलाही 'गडी'च म्हणतात. क्रिकेटच्या बातमीतसुद्धा "तीन गडी बाद" असे छापतात. आणि बरोबर खेळणारा मित्र तो 'सवंगडी'. फ्रेंच माणसाला शिवीतून मान असा प्रवास करायला काही वर्षे लागली. आपल्या एका लहानशा शब्दात नोकर, खेळाडू आणि मित्र पहिल्यापासून शेजारी बसलेले आहेत. सायकल शर्यतीतल्या त्या माणसासाठी 'गडी' यापेक्षा चांगला शब्द आम्हाला तरी सुचत नाही.

सुरुवातीला मात्र शर्यतीचा नियम उलटा होता. कोणी कोणाला मदत करायची नाही! त्या काळची ही गोष्ट. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच स्वार जिंकण्याच्या बेतात होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा चिमटा मोडला. (पुढचे चाक धरून ठेवतो तो चिमटा.) दुसरी सायकल घ्यायची परवानगी नव्हती. त्याने सायकल खांद्यावर टाकली, चाक हातात घेतले आणि दहा किलोमीटरहून जास्त डोंगर पायी उतरून सेंत मारी द काँपां नावाच्या खेड्यात आला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने नुसते दाखवायचे, हात लावायचा नाही, असा नियम. पंच शेजारी पहारा देत उभे. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, ऐरणीवर ठोकून चिमटा जोडला. पण एकाच वेळी हातोडा आणि भाता दोन्ही कसे सांभाळणार? म्हणून एका लहान मुलाने भाता हलवला. तेवढ्यावरून पंचांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड केला (पुढे तो तीन मिनिटांवर आणला). चार तासांच्या आसपास वेळ गेला होता, तरी हा गृहस्थ सायकलवर टांग टाकून निघाला आणि पॅरिसला सातवा आला. सहा वर्षांनी, १९१९ साली, पहिला पिवळा सदरा त्यालाच मिळाला, आणि त्या वर्षीही आघाडीवर असताना चिमटा मोडला! टूर त्याने कधीच जिंकली नाही.

वर्गात ही गोष्ट ऐकून एक मुलगा म्हणाला, "दॅट इज सो अनफेअर!" मराठीत सांग म्हटल्यावर थोडा विचार करून म्हणाला, "हा नियम वाईट होता." आम्हालाही तसेच वाटते. एकट्याची चिकाटी पाहायची म्हणून भाता हलवणाऱ्या पोराला गुन्हेगार ठरवायचे, हे काही पटत नाही.

१९३० पासून देशांचे संघ आले आणि मदत उघड झाली. १९३४ साली फ्रान्सच्या संघात रेने व्हिएत्तो नावाचा वीस वर्षांचा मुलगा होता. चढावर त्याला गाठणे कठीण. संघाचा मुख्य माणूस होता आंतोनँ मान्य. (हे त्याचे आडनाव. आपल्या 'मान्य' शब्दाशी त्याचे नाते नाही, तरी गोष्ट ऐकल्यावर तुम्हाला हसू येईल.) पिरेनीजमध्ये एका उतारावर मान्यचे चाक मोडले. पिवळा सदरा त्याच्या अंगावर होता. व्हिएत्तोने आपले पुढचे चाक काढून त्याला दिले. तो निघून गेला. व्हिएत्तो एका चाकाची सायकल शेजारी ठेवून दगडी कठड्यावर बसून राहिला आणि दुसरे चाक येईपर्यंत रडला. कोणीतरी त्याचा फोटो काढला. तो फोटो फ्रान्समध्ये घरोघरी पोचला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी व्हिएत्तो पुढे होता. मागे मान्य अडकल्याचे कळताच तो वळला, ज्या उतारावरून आला तो पुन्हा चढून गेला आणि मान्यला या वेळी अख्खी सायकलच दिली. मान्यने ती टूर जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला, डोंगरांचा राजा मात्र तोच ठरला. पुढे त्याने पिवळा सदरा अनेक दिवस घातला, पण पॅरिसला पोचेपर्यंत तो कधी टिकला नाही.

आम्ही वर्गाला विचारले, "तुम्ही चाक दिले असते का?" निम्मे हात वर झाले. मग एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मी दिलं असतं, पण मी रडलेही असते." दुसरा म्हणाला, "मी दिलं नसतं. तो पण जिंकू शकला असता." वर्गात जरा शांतता झाली. आम्ही दोघांनाही चूक म्हटले नाही. व्हिएत्तो हसत हसत चाक देऊन मोकळा झाला असता तर ही गोष्ट नव्वद वर्षे कोणी सांगितली नसती. त्याला ते जड गेले, आणि दुसऱ्या दिवशी किती जड जाते हे माहीत असताना त्याने पुन्हा दिले. आम्हाला त्याचे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवसाचे अधिक वाटते.

अलीकडची गोष्ट हवी असेल तर मार्क कॅव्हेंडिशची घ्या. आइल ऑफ मॅनचा हा वेगवान स्वार सपाट रस्त्यावर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कोणालाही ऐकायचा नाही, पण चढावर त्याची दमछाक व्हायची. टूरमधले चौतीस टप्पे त्याने जिंकले होते. एडी मर्क्स या बेल्जियमच्या महान स्वाराशी बरोबरी झाली होती. २०२३ साली पस्तिसाव्यासाठी आला आणि पडून गळपट्टीचे हाड मोडून घरी गेला. २०२४ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा आला. पहिलाच दिवस इटलीतल्या उन्हाचा आणि डोंगरांचा. त्याला ओकाऱ्या होऊ लागल्या आणि तो सर्वांच्या मागे पडला. या शर्यतीत असा नियम आहे, की पहिल्या आलेल्याच्या मागून ठराविक वेळेत पोचला नाहीत तर तुम्ही बाद. कॅव्हेंडिशच्या संघातले सोबती मागे थांबले. त्यांनी त्याच्याभोवती कडे केले, डोक्यावर पाणी ओतले, पुढे राहून त्याच्या झेपेल त्या गतीने वारा कापत नेले. अर्ध्या तासाहून जास्त उशिरा, पण मुदतीच्या आत ते सगळे पोचले. चार दिवसांनी, ३ जुलै २०२४ रोजी, सें-व्हुल्बा गावात कॅव्हेंडिशने पस्तिसावा टप्पा जिंकला. वर्तमानपत्रांत फोटो एकट्याचा आला. तुम्ही मात्र आता त्या पहिल्या दिवसाचे लोकही ओळखता.

शेवटून पहिल्या येणाऱ्यालाही इथे नाव आहे : 'लाल कंदील', आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असायचा तसा. बेल्जियमचा विम व्हान्सेवेनांत हा गडी २००६, २००७ आणि २००८ अशी ओळीने तीन वर्षे शेवटचा आला. तो दुबळा होता म्हणून नव्हे. आपले काम दुपारपर्यंत संपवून, दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी ताकद राखत तो सावकाश घाट चढायचा.

मुलींच्या शर्यतीबद्दल सांगितले नाही तर आमची खैर नाही. 'टूर द फ्रान्स फाम' २०२२ पासून दरवर्षी होते. २०२४ साली पाचव्या टप्प्यात नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग पिवळ्या सदऱ्यात असताना शेवटच्या काही किलोमीटरांत पडली. तिच्या संघातल्या पुढच्या मुली थांबल्या नाहीत. त्यांच्यापैकीच हंगेरीच्या ब्लांका वाशने तो टप्पा जिंकला. व्होलरिंगचा दीड मिनिटाहून जास्त वेळ गेला. शेवटच्या दिवशी आल्प द्वेझचा घाट तिने जिंकला, तरी पोलंडच्या काशा न्येव्यादोमाने शर्यत चार सेकंदांनी नेली. चार सेकंद! "चार सेकंद" हे शब्द म्हणायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. संघाने थांबायला हवे होते का यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. सवंगडी असणे म्हणजे काय, हे ते नसताना जास्त स्पष्ट दिसते.

एका पालकांनी आम्हाला विचारले, "ज्या खेळात औषधे घेऊन फसवणूक झाली तो मुलांना कौतुकाने का सांगता?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळावा असे आम्हाला वाटत नाही. १९६७ साली इंग्लंडचा टॉम सिम्पसन व्हाँतू डोंगराच्या चढावर सायकलवरून कोसळून वारला. ऊन होतेच, पण त्याच्या शरीरात उत्तेजक औषधही सापडले. १९९८ साली एक अख्खा संघ औषधांपायी शर्यतीबाहेर गेला. आणि १९९९ ते २००५ अशा सात टूर जिंकलेल्या अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांना आज विजेताच नाही, यादीत जागा मोकळी आहे. त्याच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्यांत त्याचेच जुने सोबती होते. आधी कित्येक वर्षे तेही गप्प होते, कारण संघातल्या माणसाबद्दल बाहेर बोलायचे नाही. म्हणजे सोबत्याला साथ देण्याचा गुण वाईट कामालाही लागू शकतो. हे मोठ्या गटातल्या मुलांना कळावे, असे आम्हाला वाटते. व्हिएत्तोने चाक दिले, त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. भर रस्त्यावर, सर्वांसमोर दिले.

आता पालकांसाठी थोडे. तुमच्यापैकी काहींना मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवत असेल. खोपोलीनंतर बोरघाट सुरू झाला की लोक कठड्यांवर बसून वाट पाहत, आणि घाट पहिल्यांदा चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब असे. टूरमध्ये लाल ठिपक्यांचा सदरा मिळतो तो याच कामगिरीला. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. यंदा सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा आजोबांना विचारा, ऑफिसला ते सायकलवर जात का आणि डबलसीट कोणाला नेत. मुलांना हे ऐकायला आवडते, असा आमचा अनुभव आहे.

शब्दार्थ : भाता – भट्टीत वारा घालण्याचे साधन. ऐरण – ज्यावर ठेवून लोखंड ठोकतात तो लोखंडी ठोकळा. कठडा – रस्त्याच्या कडेची बुटकी भिंत. दमछाक होणे – श्रमाने धाप लागणे, ताकद संपणे. टांग टाकणे – पाय पलीकडे टाकून सायकलवर बसणे. रास्त – योग्य.

घरचा अभ्यास :

'गडी' हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन वाक्ये लिहा. 'गडबड' आणि 'गाडी' यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे मागच्या वेळचे पेपर पाहून मुद्दाम सांगत आहोत.

"मी चाक दिले असते" किंवा "मी चाक दिले नसते" यांपैकी एक वाक्य घेऊन त्यापुढे आठ ओळी लिहा. 'असते' आणि 'नसते' ही रूपे निदान चार वेळा यावीत. दोन्ही बाजूंना सारखेच गुण आहेत.

लहान गटाने सायकलचे चित्र काढून चाक, चिमटा, हँडल, सीट, पॅडल, चेन आणि घंटी ही नावे योग्य जागी लिहावीत. घंटीतल्या 'घं'वर अनुस्वार विसरू नये.

वह्या पुढच्या शनिवारी आणाव्यात. वही संपली असल्यास पाठकोरा कागद चालेल.